‘कुत्राच तर होता!’ हे वाक्य आता बंद करा

नेहमी आटोक्यात असलेलं ब्लडप्रेशर अचानक वाढलेलं दिसलं की मी रुग्णाला तीन प्रश्न विचारतो. गोळ्या चुकल्या का? लोणचं-पापड वाढलं का? घरात काही घडलं का? पहिल्या दोनांची उत्तरं पटकन मिळतात. तिसऱ्याला बहुतेक जण म्हणतात, "नाही, विशेष काही नाही." मग मी पट्टा सोडेपर्यंत गप्प राहतो. अशा वेळी कधीतरी हळूच येतं, "तसं म्हणजे... आमचा कुत्रा गेला गेल्या महिन्यात." आणि त्यामागोमाग एक ओशाळं हसू. "तुम्ही म्हणाल, काय हे, कुत्र्यासाठी!"

मी असं काही म्हणणार नसतो. पण माझ्याआधी कुणीतरी ते म्हणून झालेलं असतं. नवरा, सासूबाई, शेजारी, ऑफिसातला साहेब. "कुत्राच तर होता." "एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" "दुसरा आणा की!" या वाक्यांबद्दल आज मला भांडायचं आहे. ती फक्त उद्धट असती तर सोडून दिली असती. पण त्या वाक्यांमुळे माणसं आपलं दुःख लपवतात, डॉक्टरपासूनही लपवतात, आणि मग मी तीन आठवडे ब्लडप्रेशरच्या गोळीचा डोस वाढवत बसतो. माझ्या दृष्टीने हा सरळ सरळ आरोग्याचा प्रश्न आहे.

दुःखाचं शरीरात काय होतं ते आधी बघू. जिवलग जीव गेला की शरीर त्याकडे संकट म्हणूनच बघतं. ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात. नाडी वाढते, ब्लडप्रेशर चढतं, झोप तुटक होते, भूक एक तर मरते नाही तर नको त्या वेळी उफाळते. मधुमेह असेल तर साखर हलते. अमेरिकेत हार्ट अटॅक आलेल्या सुमारे दोन हजार रुग्णांचा एक अभ्यास २०१२ साली ‘सर्क्युलेशन’ या हृदयरोगाच्या नियतकालिकात आला. जवळची व्यक्ती गेल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत हार्ट अटॅकचा धोका नेहमीच्या सुमारे २१ पट असतो, असं त्यात दिसलं. घाबरू नका, एकेका माणसाचा धोका मुळातच लहान असतो, त्यामुळे २१ पट होऊनही तो फार मोठा होत नाही. पण आधीच हृदयविकार असलेल्या माणसाने त्या दिवशी गोळ्या चुकवू नयेत, एवढं यातून नक्की कळतं.

"हो, पण ते माणूस गेल्यावर," असं तुम्ही म्हणाल. बरोबर, त्या अभ्यासात कुत्रे नव्हते. मग दुसरं उदाहरण घ्या. २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये टेक्सासमधल्या साठी ओलांडलेल्या एका बाईंची केस छापून आली. छातीत दुखत होतं, ईसीजी बिघडलेला, सगळं चित्र हार्ट अटॅकचं. अँजिओग्राफी केली तर रक्तवाहिन्या मोकळ्या! हृदयाचा डावा कप्पा मात्र टोकाशी फुग्यासारखा फुगलेला. या आजाराला ‘टाकोत्सुबो’ म्हणतात. जपानी कोळी ऑक्टोपस पकडायला वापरतात त्या मडक्यासारखा हृदयाचा आकार होतो, म्हणून हे नाव. तीव्र भावनिक धक्क्याने हा आजार होतो, पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये जास्त दिसतो आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत पूर्ण बरे होतात. या बाईंच्या आयुष्यात त्या काळात इतरही ताण होते, पण नुकताच बसलेला मोठा धक्का होता त्यांच्या लाडक्या कुत्र्याच्या मृत्यूचा. हृदयाच्या स्नायूला कुणी विचारलं नाही की बाबा, गेला तो माणूस होता की कुत्रा.

त्याला हा फरक कळणार तरी कसा? २०१५ साली जपानी संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं असं त्यांना आढळलं. हे तेच संप्रेरक, जे बाळाला कुशीत घेतल्यावर आईच्या शरीरात वाढतं. माणसाळवलेल्या लांडग्यांमध्ये हा परिणाम दिसला नाही. म्हणजे हजारो वर्षांच्या सोबतीत कुत्र्याने आपल्या मायेच्या यंत्रणेतच जागा मिळवली आहे. ते नातं तुटल्यावर दुखणारच.

आता यापुढचं जरा बारकाईने वाचा, कारण खरा घोटाळा इथे आहे. माणूस गेला की आपल्याकडे सगळी व्यवस्था असते. लोक भेटायला येतात, शेजारून पिठलं-भात येतो, दहावा-तेरावा होतो, ऑफिसात रजा मिळते. कुणी रडलं तर कुणी डोळे वटारत नाही. कुत्रा गेला की यातलं काहीच नाही. सकाळी त्याला पुरून किंवा दहन करून आलेला माणूस अकरा वाजता ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेला असतो. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखाबद्दल एक पुस्तक संपादित केलं. समाजाने ज्याला मान्यताच दिलेली नाही असं दुःख. ते उघड करता येत नाही, त्याचं सांत्वन होत नाही आणि म्हणून ते लांबतं. आमचं वैद्यकशास्त्रही यात फार वेगळं नाही. रेंगाळलेल्या दुःखाच्या आजाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत २०२२ साली स्वतंत्र जागा मिळाली, पण त्यातही अट अशी की गेलेली ‘व्यक्ती’ असली पाहिजे. नियमावलीचं ठीक आहे, तिला कुठेतरी रेघ मारावीच लागते. घरातल्या माणसांना ती रेघ मारायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट, जी ‘कुत्राच तर होता’ म्हणणाऱ्यांना दिसत नाही. कुत्रा गेला की दिवसाचं वेळापत्रकही जातं. मधुमेही माणसाला मी "रोज चाला" असं वर्षानुवर्षं सांगतो आणि तो चालत नाही. कुत्रा सकाळी सहाला दाराशी पट्टा घेऊन उभा राहतो आणि तो माणूस मुकाट्याने बाहेर पडतो. पाऊस असो, थंडी असो. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१३ साली म्हटलं की पाळीव प्राणी, विशेषतः कुत्रा असणं आणि हृदयविकाराचा धोका कमी असणं यांचा बहुधा संबंध आहे. (केवळ त्यासाठी कुत्रा आणू नका, हेही त्यांनी सांगितलं, आणि मीही सांगतो.) कुत्रा गेला की चालणं थांबतं, कट्ट्यावर भेटणारे चार कुत्रेवाले तुटतात, जेवणाच्या वेळा विस्कटतात. मुलगा अमेरिकेत, जोडीदार गेलेला आणि घरात बोलायला एक कुत्रा, अशी कितीतरी ज्येष्ठ मंडळी आहेत. दिवसभरात त्यांना दुसऱ्या जिवाचा स्पर्श होतो तो फक्त त्या कुत्र्याचा. त्यांना "दुसरा आणा की" म्हणताना आपण काय बोलतोय याचा थोडा विचार करा.

गंमत म्हणजे आपल्या संस्कृतीला हे कळत नव्हतं असंही नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, खंडोबाच्या चित्रात कुत्रा आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. कुत्र्याला सोडून स्वर्गात येणार नाही म्हणणारा युधिष्ठिर आपल्याला धर्मराज वाटतो. आणि रतन टाटांची गोष्ट आठवते ना? २०१८ साली लंडनमध्ये प्रिन्स चार्ल्स यांच्या हस्ते त्यांचा गौरव व्हायचा होता. घरातला कुत्रा आजारी पडला म्हणून ते गेलेच नाहीत, असं त्यांचे परिचित सुहेल सेठ यांनी सांगितलं. २०२४ साली टाटा गेल्यानंतर ती गोष्ट प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्या चिन्हांसह फिरली. तीच माणसं खालच्या मजल्यावरच्या कारकुनाने आजारी कुत्र्यासाठी एक दिवस रजा टाकली की हसतात. टाटांचं केलं ते मोठेपण आणि कारकुनाचं केलं ते खूळ, हा हिशेब मला समजलेला नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: "देशात माणसांना औषधं मिळत नाहीत आणि तुम्ही कुत्र्यांचं काय घेऊन बसलात?" मी माणसांचाच डॉक्टर आहे, त्यामुळे याचं उत्तर देतो. कुत्र्याच्या औषधावर खर्च झालेले पैसे वाचले असते तर ते कुणा गरिबाच्या औषधाकडे गेले असते, असं मी कधी पाहिलं नाही. ते नवीन मोबाईलकडे गेले असते. मोबाईलच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारत नाही. आणि दुःखाला तर पैसेच लागत नाहीत. दुसरा आक्षेप भटक्या कुत्र्यांचा आणि रेबीजचा. तो गंभीर विषय आहे, पण तुमच्या शेजारणीचा तेरा वर्षांचा लॅब्रॉडॉर गेला त्या दिवशी तो तिच्यापुढे काढायचा विषय नव्हे.

दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही सोडायचं नाही. "परवडत नव्हतं तर पाळलात कशाला?" असं म्हणणारे कडवे प्राणिप्रेमी मला तितकेच निर्दय वाटतात. कुत्र्याला कॅन्सर झाला आणि घरच्यांनी केमोथेरपी न करता वेदना कमी ठेवायचं ठरवलं, तर तो गुन्हा नाही. माणसांच्या बाबतीतही आम्ही हा मार्ग मान्य करतो. पशुवैद्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा: एकूण खर्च किती येईल, बरा होण्याची शक्यता किती, बरा झाला तर किती दिवस आणि कशा अवस्थेत? हे विचारण्यात लाज नाही. काही आजार ऐकायला भयंकर असतात आणि चांगले बरे होतात. कुत्र्यांमध्ये संबंधातून पसरणारी जननेंद्रियांची एक गाठ असते. व्हिन्क्रिस्टिन या औषधाच्या काही आठवड्यांच्या इंजेक्शनांनी ती बहुतेकदा पूर्ण जाते. उलट लिंफोमा हा कॅन्सर औषधांनी दबतो, पण सहसा परत येतो. दोन्हीला लोक ‘कॅन्सर’च म्हणतात, म्हणून नाव नीट समजून घ्या.

इथे एक गोष्ट रागाने सांगतो. कुत्रा लंगडतोय, कण्हतोय म्हणून घरातली दुखण्याची गोळी त्याला देऊ नका! आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलची एकत्र गोळी, यांतली कुठलीही नको. कुत्र्याचं शरीर ही औषधं आपल्यासारखी हाताळत नाही. पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होतो, किडन्या बंद पडू शकतात. मांजराला तर साधी पॅरासिटामॉलही मारक ठरते. एकट्या डायक्लोफिनॅकने आपल्या देशातली गिधाडं जवळजवळ संपवली, तीही ते औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन. शेवटी २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आणावी लागली. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण आणि झायलिटॉल घातलेलं शुगरफ्री च्युइंगगम हेही कुत्र्याला विषच. मला फोन करून "डॉक्टर, याला अर्धी देऊ का?" विचारणाऱ्यांना माझं एकच उत्तर असतं: पशुवैद्यांकडे न्या. माझी डिग्री त्याच्यासाठी नाही.

आजारी कुत्र्याची सेवा करणाऱ्या माणसाकडेही बघायला हवं. किडनीचा आजार झालेल्या कुत्र्याला घरी कातडीखाली सलाईन द्यावं लागतं. मधुमेह झालेल्याला बहुधा दिवसातून दोनदा इन्सुलिन, तेही आयुष्यभर. रात्री तीनदा उठून शू करायला बाहेर न्यायचं, उचलून न्यायचं, पुसायचं. अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली ‘व्हेटरनरी रेकॉर्ड’मध्ये दाखवलं की दीर्घ आजारी प्राण्याची सेवा करणाऱ्या मालकांमध्ये ताण, चिंता आणि नैराश्याची लक्षणं निरोगी प्राण्याच्या मालकांपेक्षा जास्त असतात. मी दवाखान्यात बघतो ते याहून साधं असतं. कुत्र्याच्या इन्सुलिनची वेळ घड्याळ लावून पाळणारी बाई स्वतःची थायरॉइडची गोळी दोन महिने विसरलेली असते. तीस किलोचा कुत्रा एकट्याने उचलून कंबर धरलेले गृहस्थ येतात. चादर खाली घालून दोघांनी उचला. रात्रीच्या पाळ्या घरातल्यांनी वाटून घ्या. "त्याला माझ्याशिवाय चालत नाही" हे खरं असलं तरी दोन रात्री चालवून घ्या.

आणि कुत्रा बरा झाला तर? यावर कुणी बोलतच नाही. गोचीड तापाचं उदाहरण घ्या. ताप, खाणं बंद, प्लेटलेट्स खाली, नाकातून रक्त. घर हादरून जातं. मग डॉक्सिसायक्लिन सुरू होतं आणि चार दिवसांत कुत्रा भाकरीवर तुटून पडतो. इथे लोक दोन चुका करतात. एक, औषध थांबवतात, जेव्हा ते साधारण चार आठवडे द्यायचं असतं. दुसरं, स्वतः बरे होत नाहीत. कुत्रा घोरतोय आणि मालक रात्री दोनला उठून त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास बघतोय. महिनाभर हे चालू राहिलं तर ते काळजीच्या आजाराकडे झुकलेलं असतं, आणि त्यावर उपाय आहे. "आता तर बरा झाला ना, मग तुला काय झालं?" हेही त्याच जातीचं वाक्य.

आता सगळ्यात अवघड भाग. पुष्कळ कुत्र्यांचा शेवट आपोआप येत नाही, तो आपल्याला ठरवावा लागतो. माणसांच्या बाबतीत हा निर्णय आपल्याला कधी घ्यावा लागत नाही, म्हणून त्याची सवयही नाही. निर्णय घेतला तर "मी मारलं त्याला", नाही घेतला तर "मी त्याला उगाच तडफडत ठेवलं". दोन्ही बाजूंनी अपराधीपणा. इंजेक्शन म्हणजे नेमकं काय, हे माहीत असलं तर तो थोडा हलका होतो. बहुतेक पशुवैद्य आधी गुंगीचं औषध देतात. मग शिरेतून भूल देण्याचंच औषध खूप मोठ्या मात्रेत देतात. काही सेकंदांत शुद्ध जाते, त्यानंतर श्वास आणि हृदय थांबतं. डोळे उघडेच राहू शकतात, एखादा खोल श्वास येऊ शकतो, स्नायू थरथरतात, लघवी होते. हे सगळं शुद्ध गेल्यानंतरचं असतं, ती वेदना नसते. आधी कुणी सांगितलं नाही तर हेच दृश्य वर्षभर डोळ्यांपुढे राहतं, म्हणून इतकं स्पष्ट लिहिलं.

वेळ कशी ओळखायची? ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांनी यासाठी एक मोजपट्टी तयार केली आहे. दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, एवढं ती बघते. कॅलेंडरवर रोज रात्री चांगला दिवस की वाईट, एवढी खूण करत जा. दोन आठवड्यांच्या खुणा पुढे ठेवून पशुवैद्यांशी बोला. आणि हा निर्णय घेतलेल्या कुटुंबाला बाहेरच्या कुणीही "थोडे दिवस थांबायला हवं होतं" असं म्हणू नये. रात्री तीनला त्याला उचलायला तुम्ही आला नव्हतात.

मुलांना "तो गावाला गेला", "शेतावर सोडला" असं सांगू नका. मुलं वाट बघत बसतात, आणि खरं कळल्यावर त्यांना दोन दुःखं होतात, एक कुत्र्याचं आणि एक तुम्ही खोटं बोललात त्याचं. "त्याला झोपवलं" हेही लहान मुलाला सांगू नका. काही मुलं त्यानंतर झोपायला घाबरतात. "तो मेला, त्याचं शरीर आता चालत नाही, तो परत येणार नाही, आणि तुझ्या काही चुकीमुळे हे झालं नाही." साध्या शब्दांत एवढं. चार-पाच वर्षांचं मूल पुन्हा पुन्हा तेच विचारेल, पुन्हा पुन्हा तेच उत्तर द्या. आजोबा रडताना दिसले तरी चालेल. मुलग्यांनाही रडू द्या.

दुःखाच्या भरात एक धोका मात्र विसरायचा नाही. कुत्र्याचं वागणं अचानक बदललं, तो उगाच चावू लागला, जबडा लोंबला, लाळ गळू लागली, पाणी गिळता येईना, पाय लुळे पडले आणि काही दिवसांत तो गेला, तर रेबीजचा विचार करायलाच हवा. घशात हाड अडकलं असं वाटून अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालणारी माणसं असतात. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. कुत्र्याला लस दिली होती की नाही ते डॉक्टरांना सांगा, निर्णय त्यांना घेऊ द्या. रेबीजची लक्षणं माणसात सुरू झाली की त्यावर उपचार जवळजवळ नाहीच, लस मात्र वेळेवर घेतली तर वाचवते. पावसाळ्यात काविळीने आजारी पडलेल्या कुत्र्याची लघवी हातमोजे घालून साफ करा, लेप्टो असू शकतो. आपल्याच कुत्र्याबद्दल असं बोलणं म्हणजे बेइमानी वाटते, पण तसं नाही.

कुत्रा गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे दुःख लाटांसारखं येतं. रिकामं भांडं, दाराची बेल वाजल्यावर न आलेलं भुंकणं, सोफ्यावरचे केस. त्या लाटा हळूहळू विरळ होतात. भांडं कधी उचलायचं ते घरातल्या ज्याला जास्त त्रास होतोय त्याने ठरवावं, बाकीच्यांनी आवरासावर करायची घाई करू नये. दहनाची सोय आधीच विचारून ठेवा. मुंबईत महापालिकेने मालाडला लहान प्राण्यांसाठी दहनगृह सुरू केलं आहे, इतर शहरांत तुमच्या पशुवैद्यांना विचारा. आपल्या कुत्र्याचा देह कचऱ्याच्या गाडीत टाकावा लागलेला माणूस तो दिवस विसरत नाही. घरात फोटो लावावासा वाटला तर लावा, हार घालावासा वाटला तर घाला. शास्त्रात बसतं का हे कुणी विचारलं तर मला विचारायला पाठवा.

दोन आठवड्यांनंतरही जवळजवळ रोज, दिवसभर उदास वाटत असेल, झोप आणि जेवण सावरत नसेल, कामावर लक्ष लागत नसेल, दारू वाढली असेल, तर तुमच्या डॉक्टरांकडे जा. जगणं नको वाटत असेल तर दोन आठवडे थांबूच नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. "कुत्रा गेला म्हणून फोन केला" असं सांगायला लाजू नका. छातीत दुखलं, धाप लागली तर ‘दुःखामुळे होत असेल’ म्हणून घरी बसू नका. हार्ट अटॅक आणि टाकोत्सुबो यांतला फरक घरी बसून कुणालाच कळत नाही, मलाही नाही. आधी ईसीजी काढा. ब्लडप्रेशर आणि शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी महिन्याभरात एकदा तपासून घ्या, आणि कुत्र्याबरोबर जे चालणं होत होतं ते त्याच वेळी, त्याच रस्त्याने नको वाटलं तर दुसऱ्या रस्त्याने, चालू ठेवा.

राहिला ‘दुसरा आणा’चा सल्ला. दुसरा कुत्रा आणायला माझी काही हरकत नाही, पण वाढदिवसाची भेट म्हणून, न विचारता, टोपलीत घालून आणू नका. ज्याला त्याची सेवा करायची आहे त्याने स्वतः म्हटलं पाहिजे. कुणाला दोन महिन्यांत वाटतं, कुणाला कधीच वाटत नाही. सत्तरीच्या पुढच्यांनी पिल्लाऐवजी चार-पाच वर्षांचा, शांत झालेला, निवारा केंद्रातला कुत्रा घेतला तर दोघांनाही सोसतं, आणि आपण आजारी पडलो तर त्याला कोण सांभाळेल हे मुलांशी आधीच बोलून ठेवावं. आधीचा कुत्रा पार्व्होने गेला असेल तर मात्र घाई अजिबात नको. तो विषाणू घरात आणि अंगणात महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाईलने मरत नाही. ब्लीचने सफाई करून, नव्या पिल्लाच्या सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर आणि पशुवैद्यांनी हो म्हटल्यावरच त्याला घरात आणा.